वड, उंबर, नांद्रुक : बोन्सायचं वेळापत्रक पावसाळ्याला बांधा

पारंबी (धागा सुरू केला, १२ मे)

बोन्सायच्या पुस्तकांतलं आणि व्हिडिओंतलं वेळापत्रक बहुतेक वेळा जपानचं असतं. तिकडे झाड थंडीत झोपतं, वसंतात डोळे फुगतात आणि त्याच सुमारास मुळं छाटतात. मेपल आणि पाइनसाठी ते अगदी बरोबर आहे. आपण मात्र तेच वाचून फेब्रुवारीअखेर वडाची मुळं छाटतो आणि अर्ध्या मुळांवर उरलेल्या झाडाला एप्रिल-मेच्या उन्हात ढकलतो. जूनमध्ये झाड गेलं की खापर मातीवर फोडतो.

वड, नांद्रुक, उंबर, पायर या सगळ्या फायकसवर्गीयांना नवीन मुळं फोडायला दोन गोष्टी एकदम लागतात, मातीत ऊब आणि हवेत ओल. आपल्याकडे ऊब मार्चपासूनच असते, ओल येते ती जूनमध्ये. म्हणून घाटावर रिपॉटिंगचा, म्हणजे मुळं छाटून झाड पुन्हा उथळ ट्रेत लावण्याचा, खरा काळ पहिले दोन-तीन चांगले पाऊस होऊन हवा गार झाल्यापासून जुलैअखेरपर्यंत. अजून तीन-चार आठवडे हातात आहेत, तेवढ्यात तयारी करून ठेवावी म्हणून आजच लिहितोय.

रिपॉटिंगच्या आदल्या दिवशी पाणी देऊ नका. माती जराशी कोरडी असली की गोळा सुटा होतो आणि चीकही कमी वाहतो. गोळा बाहेर काढल्यावर बांबूच्या काडीने कडेकडून आत, खोडापासून बाहेरच्या दिशेने विंचरत जा. केसांचा गुंता सोडवतो तसं, टोकाकडून. गोल फिरलेली मुळं आधी सरळ करा, मगच कात्री घ्या. एकूण मुळांपैकी तिसरा हिस्सा काढायचा आणि तोही जाड, खाली जाणाऱ्या मुळांमधून. पिवळसर पांढरी, दोऱ्यासारखी बारीक मुळं ठेवायची, पाणी पिण्याचं काम तीच करतात.

जाड मूळ कापलंत की लगेच चीक येतो. आधी टपोरा पांढरा थेंब, मग त्याची धार लागते आणि मिनिटभरात ती चिकट व्हायला लागते. ओल्या फडक्याने दोन-तीनदा टिपा किंवा पाण्याचा फवारा मारा, चीक थांबतो. तो थांबल्याशिवाय त्यावर काही लावू नका, लेप धरत नाही. काहींच्या हाताला चिकाने खाज सुटते, त्यांनी हातमोजे घालावेत.

झाड ट्रेला बांधणं ही पायरी बरेच जण गाळतात. तळाच्या भोकांतून २ मिमीची ॲल्युमिनियमची तार वर घ्या आणि मुळांच्या गोळ्यावरून आवळून पिळा. खोड धरून हलवलं तर ट्रेसकट हललं पाहिजे. पावसाळी वाऱ्यात झाड डुलत राहिलं तर नव्या मुळांची कोवळी टोकं रोज तुटतात आणि दोन महिने झाले तरी झाड बसत नाही.

माध्यमाबद्दल, म्हणजे ट्रेमध्ये भरायच्या मिश्रणाबद्दल, खडीवाळू यांनी लिहावं, त्यांचा त्यात हातखंडा आहे.

खडीवाळू

लिहितो, थोडं लांबेल.

उथळ ट्रेमध्ये पाणी लवकर निघून जातं हा समज उलटा आहे. भांड्यातल्या मातीत पाणी घातलं की जास्तीचं खाली गळतं, पण तळाशी एक थर कायम भिजलेला राहतो. त्या थराची उंची मातीच्या कणांच्या आकारावर ठरते, भांड्याच्या खोलीवर नाही. बारीक मातीत तो थर समजा ४ सेंमीचा असेल, तर ३० सेंमीच्या कुंडीत वरचे २६ सेंमी हवेशीर असतात. तीच माती ५ सेंमीच्या ट्रेत घातली तर हवेला जेमतेम १ सेंमी उरतो. बाकी सगळी मुळं चिखलात.

घरी बघायचं असेल तर भांडी घासायचा स्पंज पाण्यात बुडवून आडवा धरा. गळायचं तेवढं गळू द्या. थेंब थांबले की तोच स्पंज उभा करा, पुन्हा पाणी सुटतं. स्पंज तोच, पाणी तेच, फक्त उंची वाढली. म्हणून ट्रे उथळ असेल तर कण मोठे हवेत.

घाटावर चालणारं मिश्रण असं: ३ भाग विटांचे तुकडे, २ भाग धुतलेली बारीक खडी, १ भाग चाळलेलं गांडूळ खत. वीट आणि खडी ६ मिमीच्या चाळणीतून खाली पडेल पण ३ मिमीच्या चाळणीवर राहील अशी. खालचा भुगा अजिबात वापरायचा नाही. माणसं दोन तास विटा फोडतात आणि मग भुगा टाकवत नाही म्हणून तोच मिसळतात. कणांमधल्या पोकळ्या नेमका तोच बुजवतो. बांधकामाची क्रश सँड घेत असाल तर पाणी नितळ येईपर्यंत धुवा, तिच्यात दगडाचं पीठ फार असतं.

वीट पक्की भाजलेली हवी. चार तुकडे चोवीस तास पाण्यात ठेवून चिमटीत दाबा. बोटांना लाल गाळ लागला तर ती वीट वर्षभरात ट्रेमध्ये माती होऊन बसेल.

मुंबई-कोकणात गांडूळ खत निम्म्यावर आणा. विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्यात दिवसातून दोनदा पाणी देणं जमणार नसेल तर ते दीडपट करा. काळी माती मात्र चिमूटभरही नको. ओली असताना चिकटते, वाळली की आक्रसून ट्रेची कड सोडते आणि दिलेलं पाणी त्या फटीतून सरळ बाहेर जातं. वरून ओलं दिसतं, आत गोळा कोरडाच.

सदाफुली

कोकोपीटचं (नारळाच्या काथ्याचा भुसा) काय? रोपवाटिकेतल्या सगळ्या झाडांना तेच असतं.

खडीवाळू

रोपवाटिकेला झाड हलकं हवं असतं, लांब पाठवायचं असतं, त्यांच्या दृष्टीने ते ठीक आहे. आपल्या दृष्टीने दोन अडचणी आहेत. ओलं कोकोपीट फार पाणी धरतं, आणि एकदा खडखडीत वाळलं की पाणी घेतच नाही, वरून ओघळून जातं. असं झालं तर ट्रे टबात कडेपर्यंत बुडवा आणि बुडबुडे थांबेपर्यंत, साधारण दहा-पंधरा मिनिटं, तसाच ठेवा.

रोपवाटिकेतून आणलेल्या नांद्रुकाच्या मधल्या गोळ्यात कोकोपीट घट्ट बसलेलं असतं. बाहेर विटांचं मिश्रण आणि आत तो गोळा असं ठेवलं तर दोन्हींचं पाणी वेगळ्या वेगाने वाळतं आणि आतली मुळं कुजतात. पण एका वर्षात सगळं काढायला जाऊ नका. या जूनमध्ये अर्धा गोळा, पुढच्या जूनमध्ये उरलेला.

तारकाम

पारंबी, रिपॉटिंगच्या वेळेबद्दल थोडा मतभेद नोंदवते. मुंबई, ठाणे, रत्नागिरी, गोवा या पट्ट्यात मार्चमध्येही हवा दमट असते. तिथे मार्चअखेर नांद्रुकाची मुळं छाटली आणि झाड तीन आठवडे सावलीत ठेवलं तर काही बिघडत नाही. उलट जुलैत तिथे सूर्य दिसत नाही, ट्रे दिवसरात्र भिजतो, नवीन छाटलेली मुळं कुजायची भीती जास्त. तेव्हा "पावसाळ्याला बांधा" हे पुणे, नाशिक, संभाजीनगर, नागपूरला लागू. किनाऱ्यावर एक तर पावसाच्या आधी मुळं बसू द्या, नाहीतर सप्टेंबरपर्यंत थांबा.

पारंबी

मान्य. किनाऱ्यावर जुलैतलं रिपॉटिंग टाळावं हे मी लिहायला हवं होतं. ज्यांनी आधीच केलंय त्यांच्यासाठी एक उपाय: ट्रेच्या एका बाजूखाली विटेचा तुकडा सरकवा. ट्रे तिरका झाला की पाणी खालच्या कोपऱ्यात जमतं आणि तिथल्या भोकातून निघतं. खडीवाळूंचा उभा केलेला स्पंज तो हाच.

सदाफुली

वडाची पानं लहान होतच नाहीत. दोन फुटांच्या झाडाला तळहाताएवढी पानं फार विचित्र दिसतात. सगळी पानं खुडली तर?

तारकाम

सगळी पानं काढणं, म्हणजे डिफोलिएशन, हे औषध नाही. सशक्त झाडाला दिलेला ताण आहे तो. आधी पानं मोठी का होतात ते बघा. पाणी आणि नत्र जास्त, ऊन कमी, आणि शेंडे मोजके असले की प्रत्येक शेंडा मोठं पान काढतो. त्यामुळे पहिली दोन वर्षं फांद्यांची संख्या वाढवा. कोवळ्या फांदीला पाच-सहा पानं झाली की दोन ठेवून शेंडा खुडा, प्रत्येक खुडण्यातून साधारण दोन फुटवे येतात. झाड निदान सहा तास थेट उन्हात ठेवा.

एवढं झाल्यावर डिफोलिएशन. पान खुडायचं नाही, कात्रीने देठ राखून कापायचं. देठाच्या बेचक्यातला डोळा त्यामुळे दुखावत नाही आणि देठ आठवड्याभरात आपोआप गळतो. फांदीच्या टोकाचा मिटलेला, टोकदार डोळा बाजूचे फुटवे हवे असतील तर खुडा, फांदी लांबवायची असेल तर ठेवा. पानं काढल्यावर झाड पाणी फारच कमी पितं, म्हणून पाणी निम्म्यावर आणा. बहुतेक लोक इथेच चुकतात, रोजच्या सवयीने पाणी घालतात आणि मुळं सडवतात. दोन-तीन आठवड्यांत नवी पालवी येते. ती पूर्ण उघडून गडद होईपर्यंत खत नको.

ज्या वर्षी मुळं छाटली त्या वर्षी डिफोलिएशन नाही. मुळं भरून यायला लागणारं अन्न पानंच बनवतात, दोन्ही एकदम काढलीत तर झाडाने कशाच्या जोरावर उठायचं?

एवढं सगळं करूनही वडाचं पान एका मर्यादेखाली जात नाही. त्यामुळे वड करायचाच तर तीन फुटांचा, रुंद पसाऱ्याचा करा. छोट्या ट्रेसाठी नांद्रुक घ्या, त्याचं पान मुळातच लहान. पिंपळाला लांब देठ आणि शेपटीवालं पान, फांद्यांची दाटी होता होत नाही. त्याला खोडाच्या आणि मुळांच्या सौंदर्यावर उभं करावं लागतं.

गुटीवाला

झाड कुठून मिळवायचं यावर कुणी बोललं नाही. फायकसला बी लावून वाट बघण्यात अर्थ नाही. दोन सोपे मार्ग.

पहिला गुटी कलम. जून-जुलैत अंगठ्याएवढी जाड, वळणदार फांदी निवडा. फांदीच्या जाडीच्या दीडपट रुंद साल गोलाकार काढा आणि आतला हिरवा निसरडा थर चाकूने खरवडून पांढरं लाकूड उघडं करा. तो थर राहिला तर साल पुन्हा जुळते आणि मुळं येतच नाहीत, गुटी फसण्याचं पहिलं कारण हेच. चीक टिपा, वरच्या कडेला आयबीए पावडर (मुळं फोडणारं संप्रेरक) लावा, पिळून काढलेलं ओलं शेवाळ मूठभर गुंडाळा, प्लास्टिक बांधून वरून काळा कागद. वरची गाठ घट्ट हवी, पावसाचं पाणी आत शिरलं तर शेवाळ सडतं. चार ते सहा आठवड्यांत प्लास्टिकमधून पांढरी मुळं दिसतात. ती तपकिरी होऊन फुटायला लागली की कापा, आधी घाई नको.

गुटीचा मोठा फायदा म्हणजे मुळं एकाच पातळीवर चहूबाजूंनी येतात. चांगली नेबारी, म्हणजे खोडाच्या बुंध्याशी मातीवर दिसणारा मुळांचा पसारा, यातूनच मिळते.

दुसरा मार्ग छाट कलम. वटपौर्णिमेला बाजारात वडाच्या तोडलेल्या फांद्या विकायला येतात आणि दुसऱ्या दिवशी कचऱ्यात जातात. झाडं तोडून फांद्या आणू नयेत हे माझं ठाम मत आहे. पण आलेल्या फांद्यांपैकी बोटाएवढी जाड आणि ताजी असेल ती वाया का घालवायची? खालचा छेद नव्याने, अगदी सपाट घ्या. चीक वाहून थांबेपर्यंत पाण्यात धरा, पानं दोन ठेवून तीही अर्धी कापा, आणि धुतलेल्या वाळूत चार बोटं खोल लावा. छेद तिरका घेतला तर मुळं एकाच बाजूला येतात, म्हणून सपाट.

इमारतीच्या भिंतीतली रोपंही मिळतात, पक्ष्यांच्या विष्ठेतून आलेली. सोसायटीला विचारून पावसात काढा. त्यांची मुळं फटीत दबून चपटी झालेली असतात, दगडावर बसवायच्या झाडाला ती फार उपयोगी. किल्ल्यांवरची आणि वनखात्याच्या जागेतली रोपं मात्र सोडा.

निंबोळी

बोअरच्या पाण्याबद्दल जोडते. पानाच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, तोही नव्या पानांत, असं दिसलं तर ती खताची भूक नसते. क्षारांमुळे माध्यम अल्कधर्मी झालेलं असतं आणि त्यातलं लोह मुळांना उचलता येत नाही. त्यावर १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश समान असलेलं खत) ओतत बसलं की क्षार आणखी वाढतात. आधी ट्रेच्या तिप्पट-चौपट पाणी हळूहळू ओतून माध्यम धुऊन काढा, जमेल तेव्हा पावसाचं पाणी साठवून वापरा. मग लोहाचं चिलेट, म्हणजे मुळांना उचलता येईल अशा रूपातलं लोह, द्या. कृषी केंद्रात दोन प्रकार मिळतात. जास्त सामूच्या (पीएचच्या) मातीत ईडीटीए टिकत नाही, त्यामुळे मुळाशी द्यायचं तर ईडीडीएचए मागा.

कीड थोडक्यात. पिठ्या ढेकूण दिसले की आधी मुंग्या बघा, त्याच त्यांना फांदीवरून फांदीवर नेतात. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून पुसा, नंतर लिटरला ५ मिली निंबोळी तेल आणि १ मिली साबणाचं पाणी, संध्याकाळी, दर आठवड्याला तीनदा... म्हणजे आठवड्यातून एकदा, असे तीन आठवडे. नांद्रुकाचं पान मध्यशिरेवर दुमडून द्रोणासारखं झालं की आत काळे फुलकिडे असतात. बंद पानात फवारा पोचत नाही. ती पानं तोडून पिशवीत बांधून टाका, झाडाखाली नको.

सदाफुली

मोठ्या छाटणीच्या जखमेला काय लावायचं? कट पेस्ट महाग आहे.

निंबोळी

संत्र्या-द्राक्षांच्या बागांत लावतात तीच बोर्डो पेस्ट. १० ग्रॅम मोरचूद ५० मिली पाण्यात, १० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या ५० मिलीत, दोन्ही वेगळं विरघळवून मग एकत्र. भांडं प्लास्टिकचं किंवा मातीचं, लोखंडाचं नको. तयार पेस्टमध्ये लोखंडी पातं बुडवा. पात्यावर तांबूस थर चढला तर आम्लता उरली आहे, आणखी चुना घाला. त्याच दिवशी वापरा, उरलेली ठेवू नका.

तारकाम

छाटणीवरून एक सावधगिरी. वड आणि नांद्रुक सशक्त असतील तर बिनपानांच्या जुन्या लाकडावरूनही फुटतात. बेंजामिना, हाही फायकसच, तसा नाही. त्याच्या फांदीवर एकही हिरवं पान न ठेवता कापलंत तर ती फांदी बहुधा मागे खोडापर्यंत वाळते. तिथे एक पान राखून कापा, मागून फुटवा आला की मग पुढचं कापा.

दूरदेशी

जर्मनीत घरात ठेवलेल्या नांद्रुकाला हे वेळापत्रक कसं लावायचं? हिवाळ्यात पानं गळतात.

पारंबी

तत्त्व तेच, ऊब आणि ओल. हिवाळ्यात हीटरमुळे हवा कोरडी, उजेड कमी, त्यात झाडाची जागा बदलली की पानं गळणारच. तेव्हा मुळांना हात लावू नका, पाणी कमी करा आणि सर्वात उजेडाच्या खिडकीशी ठेवा. बाहेर रात्रीचं तापमान १५ अंशांच्या वर टिकायला लागलं की बाल्कनीत काढा, दोन आठवड्यांनी रिपॉट करा. तुमचा जून तो आपलाही जून, फक्त कारण वेगळं.

सदाफुली

शेवटचं विचारते. पारंब्या येतात, इंचभर होतात आणि टोक काळं पडून थांबतात. पुण्यात पारंब्या अशक्यच आहेत का?

गुटीवाला

पावसाळ्यात शक्य आहेत. टोक वाळलं की पारंबी थांबते, म्हणून टोकाला जमिनीपर्यंत ओल्या अंधारातून न्यायचं. पूर्वी शहाळ्याची स्ट्रॉ वापरायचे. आता कागदी स्ट्रॉ मिळते ती पावसात लगदा होते. ठिबकची १२ मिमीची काळी लॅटरल घ्या, कुठल्याही कृषी केंद्रात मीटरवर मिळते. पारंबीच्या टोकापासून मातीपर्यंतचं अंतर अधिक दोन सेंमी एवढा तुकडा कापा, उभा चिरा, पारंबीभोवती चढवून दोन ठिकाणी दोऱ्याने बांधा. खालचं टोक मातीत रोवा. आत ओलं शेवाळ सैल भरा, ठासायचं नाही, आणि रोज वरून चमचाभर पाणी सोडा.

महिन्याभराने चिरेतून डोकावून बघा. निरोगी टोक पांढरं किंवा गुलाबीसर, ओलसर चमकदार असतं. मातीत शिरल्यावरही नळी लगेच काढू नका, ऑक्टोबरच्या कोरड्या उन्हात नवी पारंबी वाळते. पावसाळा पूर्ण जाऊ द्या. मातीत पक्की झालेली पारंबी आखडून ताणली जाते, वीणेच्या तारेसारखी सरळ होते. ती तशी झाली की चीर उघडून नळी बाजूला करा. आणि ती ज्या फांदीवरून आली, तिला वळण द्यायला वायर लावायची असेल तर पारंबी मातीत जायच्या आधीच लावा. नंतर फांदी वाकवलीत तर पारंबी तुटते.

तारकाम

आणि ती वायर दर रविवारी बघा. फांदीच्या जाडीच्या साधारण एक-तृतीयांश जाडीची तार, ४५ अंशांत. जुलै-ऑगस्टमध्ये फायकसची फांदी चार-सहा आठवड्यांत तार गिळायला लागते. सालीवर तारेच्या दोन्ही कडांना फुगवटा दिसला की त्याच दिवशी काढा. उलगडत बसू नका, प्रत्येक वेढा कटरने तोडून तुकडे वेचा. फांदी मागे सरकली तर आधीच्या खुणांच्या मधल्या जागेतून नवी तार घाला.